दुसऱ्या रांगेतलं पहिलं हसू

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, लाजू नका. गोष्ट ऐकायला आलेला माणूस दाराशी बसला की सांगणाऱ्याचं अर्धं लक्ष दाराशीच राहतं. आज एका हसवणाऱ्याची गोष्ट सांगतो. हसवणाऱ्याची आहे म्हणून हसायला येईलच असा शब्द मात्र देत नाही. मागणं एकच आहे, मधे तोडू नका. का, ते शेवटी आपोआप कळेल.

तर ह्या माणसाला सगळे नकल्या म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढंच. लहानपणी भाजीवाला ओरडून गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत हा त्याच्या आवाजात पुन्हा ओरडायचा, आणि बायका पिशव्या घेऊन रिकाम्या रस्त्यावर उभ्या राहायच्या. मार खायचा, पण मार देणारीचीही नक्कल करून दाखवायचा, मग तिलाही हसू फुटायचं.

त्याला एक थोरला भाऊ. दादा. दादाची जीभ अडखळायची. देवाने कुणाला बोलणं दिलं ते उतारावरून धावणाऱ्या पाण्यासारखं, तर कुणाला हाताने खोदून काढायला लावलं. पाणी दोन्हीकडे त्याचंच. पण एवढं कळायला वय लागतं, आणि शाळेत कुणाला वय नसतं. आजारपणात दादाचं एक वर्ष बुडालं आणि दोघे भाऊ एकाच वर्गात आले. सकाळी हजेरी व्हायची. मास्तर घाईचे. दादाचं नाव पुकारलं की दादा उभा राहायचा, मान पुढे जायची, डोळे मिटायचे, 'ह' घशात अडकून बसायचा तो बसायचाच. तोवर मास्तर पुढच्या नावावर गेलेले आणि दादाच्या नावापुढे फुली पडलेली. डोळ्यांसमोर उभा असलेला मुलगा कागदावर गैरहजर. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मागच्या बाकावरून दादाच्याच आवाजात "हजर" आलं, स्वच्छ, न अडखळलेलं. मास्तरांनी मान वर न करता खूण केली. त्या वर्षी नकल्या रोज दोनदा हजर राहिला, एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा दादाच्या.

ही त्याची पहिली खरी नक्कल. तिला कुणी हसलं नव्हतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दादा मोठा झाला तो चष्म्याच्या एका दुकानात कामाला लागला. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला मालक, मागच्या खोलीत काचा घासायला दादा. फिरत्या दगडावर पाण्याची धार सोडायची, भिंगाची कड त्याला टेकवायची, फ्रेमच्या मापाला आणायची. केसभर जास्त घासलं की काच वाया. दादाच्या हातून वर्षाला दोन काचा जात नसत. तिथे त्याला कुणी घाई करत नसे. बोटांची टोकं कायम पांढरट, सुरकुतलेली, काचेच्या पिठाने माखलेली.

आणि एका रविवारी दुपारी जेवताना दादा आपणहून बोलायला लागला. घरात हे नवल होतं. आई वाढायची थांबली. दादा म्हणाला की एका दुकानात एक मुलगी आली, नवीन चष्मा करायला. एवढं वाक्य पुरं व्हायला भात निवला. चष्मा तयार झाला, तिने तो घातला. समोरच्या माणसाकडे तिने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. आणि मग ती म्हणाली, ती म्हणाली... इथे दादा अडकला. मान पुढे गेली, डोळे मिटले, ओठांच्या कोपऱ्याला फेस आला.

नकल्याचं वय तेव्हा बावीस-तेवीसचं. पुढचा शब्द ज्याच्या तोंडात नेहमी तयार असतो अशा माणसाला दुसऱ्याचं थांबणं सोसत नाही. तो दादाच्याच आवाजात, दादासारखाच अडखळत म्हणाला, "म-म-म्हणाली, जुनाच बरा होता!"

घर फुटलं हसण्याने. बाबांना ठसका लागला. आईने पदर तोंडाला लावला. आणि दादा? दादाही हसला. डोळे उघडले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि हसला. मग खाली मान घालून त्याने निवलेला भात संपवला.

तो किस्सा तिथून निघाला तो थेट रंगमंचावर. आधी लग्नसमारंभात, मग गावोगावच्या सभागृहांत, मग मोठ्या थिएटरांत. नकल्या कोट घालून यायचा, खांदे पाडायचा, मान पुढे काढायचा, आणि डोळ्यांदेखत दादा होऊन जायचा. "ए-ए-एका दु-दुकानात..." पहिल्या प्रयोगाला मात्र लोक हसेनात. अडखळणाऱ्या माणसाला असं हसावं की नाही, प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघायला लागला. नकल्याच्या पाठीवरून घाम ओघळला. हसवणारा बुडतो तो असाच, शांततेत. आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक हसू आलं. मोकळं, मोठ्ठं. हसण्यात दादा कधीच अडखळायचा नाही. नकल्याने बोट केलं. "हा बघा, हा माझा दादा. ज्याची नक्कल तोच हसतोय. घ्या, परवानगी मिळाली." मग काय विचारता, छत खाली आलं.

तेव्हापासून ती रीतच पडली. शहरात प्रयोग असला की दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची दादाची. किस्सा सुरू झाला की पहिलं हसू दादाचं, मागून सगळ्यांचं. दादाने त्या रविवारनंतर चार दिवसांनी एका कागदावर लिहून आईला कळवलं होतं की दुकानात एका मुलीशी ओळख झाली आहे, लग्न करीन म्हणतो. वहिनी घरात आली ती जाडजूड भिंगांचा चष्मा लावूनच. नकल्याला आयतंच सापडलं. किश्शात दोन वाक्यं वाढली, "मुलीच्या चष्म्याची काच एवढी जाड की तिच्यावर पोळपाट म्हणून पोळी लाटावी." वहिनीसुद्धा प्रयोगाला यायची, दादाशेजारी बसायची. ती हसत नसे. नकल्या म्हणायचा, वहिनीला विनोद जरा उशिरा कळतो.

कुणी कधी बोललं नाही असं नाही. एकदा प्रयोगानंतर एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन रंगपटात आली. रागातच होती. म्हणाली, "माझी मुलगी असं बोलते. तुम्ही नक्कल करत होतात तेव्हा तिने माझ्या कुशीत तोंड लपवलं. उद्या शाळेत मुलं तिला हेच करून दाखवणार."

नकल्या आरशासमोर रंग पुसत होता. तो म्हणाला, "बाई, माझा सख्खा भाऊ आहे तो. त्याला काही वाटत नाही, मग तुम्हाला कशाला वाटून घ्यायचंय?"

बाईने दादाकडे बघितलं. दादा त्या मुलीसमोर उकिडवा बसला आणि हाताने खूण करून विचारलं, नाव काय? मुलीचं नाव साधंसुधं तीन अक्षरांचं. पण तिला चार श्वास लागले. दादा हलला नाही, मदतीला एक अक्षर पुढे केलं नाही, नुसता बघत राहिला, जणू दुनियेत दुसरं काही व्हायचंच नव्हतं. नाव पुरं झालं तेव्हा त्याने मान डोलावली. बाईचा राग कुठल्या कुठे गेला, आणि रडू आलं. नकल्याने हे सगळं आरशात बघितलं. बघितलं आणि तोंडावरचा उरलेला रंग पुसला.

अशी अठरा वर्षं गेली. आणि दादा गेला. फार काही नाही, तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी छातीत कळ. दुकानात दगडाजवळ एक काच अर्धी घासलेली राहिली.

नकल्या रडला, मनापासून रडला. पण हसवणाऱ्याचं दुःखसुद्धा कामावर असतं. अश्रू पुसता पुसता त्याच्या मनात येऊन गेलं की हे कसं सांगता येईल. आलं तशी त्याला स्वतःची शिसारीही आली. पण आलं ते आलं.

तीन आठवड्यांनी प्रयोग होता, रविवारी चार वाजता. दोन दिवस आधी थिएटरचा मॅनेजर घरी आला. माणूस वाईट नव्हता. हळहळला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "एक सुचवू का? आधी दादांबद्दल दोन शब्द बोला. लोकांचे डोळे भरू द्या. आणि मग घ्या चष्म्याचा किस्सा. रडलेला माणूस दुप्पट हसतो. त्यांच्या खुर्चीवर आपण फोटो ठेवू."

"फोटो नको."

"बरं, फोटो राहू दे. पण किस्सा हवाच. लोक त्याच्यासाठी येतात, तुम्हाला काय सांगायचं."

मॅनेजर गेला, आणि नकल्या बसून राहिला. किस्सा त्याला तोंडपाठ होता, झोपेत म्हटला असता. अडचण वेगळीच होती. पहिलं हसणार कोण? इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की हशा आपला. आता उमगलं की हशाच्या दाराला कडी होती आणि ती दादाच्या हातात होती. परवानगी देणाराच गेला. ती आता द्यायची तर एकाच माणसाने द्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वहिनीकडे गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या टेबलावर दादाची हत्यारं पुसून ठेवत होती. बारीक पेचकस, चिमटे, कडा तपासायचं छोटं भिंग. एकेक उचलायची, फडक्याने पुसायची, ओळीत ठेवायची.

"बसा भाऊजी. चहा टाकते."

"नको वहिनी. एक विचारायला आलोय." आणि त्याने सगळं सांगितलं. प्रयोग, किस्सा, खुर्ची. "दादाची आठवण म्हणूनच करायचंय. तुम्ही त्याच्या जागी बसलात ना, तर मला धीर येईल. तुम्ही नुसतं हसलात तरी..."

वहिनीने फडकं खाली ठेवलं. "एकदा सांगा."

"काय?"

"किस्सा. इथे. मी तो गर्दीत ऐकलाय नेहमी. एकदा एकटीने ऐकू दे."

नकल्या उभा राहिला. खांदे पाडले, मान पुढे काढली. अठरा वर्षांची सवय, दादा क्षणात आला. दादाच्याच घरात, दादाच्याच टेबलासमोर, दादाच्या बायकोपुढे आला. "ए-ए-एका दु-दुकानात..." पोळपाटाचं वाक्य झालं. मुलीने चष्मा घातला, बघितलं. मान ताणली, डोळे मिटले. "म-म-म्हणाली, जुनाच बरा होता."

कुणी हसलं नाही. नळातून पाणी ठिबकत होतं ते तेवढं ऐकू आलं. दुसऱ्या रांगेशिवाय तो किस्सा कसा दिसतो हे नकल्याने पहिल्यांदा बघितलं. एक धडधाकट माणूस एका मेलेल्या माणसाचं तोंड वेडंवाकडं करून उभा होता. त्याने हळूच मान सरळ केली.

"पुढचं माहीत आहे तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"पुढचं म्हणजे? एवढाच आहे तो."

"त्या रविवारी हे काय सांगत होते, ते."

"विनोद सांगत होता की दादा."

"विनोद नव्हता तो, भाऊजी. हे घरात माझ्याबद्दल सांगत होते."

नकल्या खुर्चीवर बसला.

वहिनी बोलायला लागली, सावकाश, चिमटा पुसत. "माझा नंबर फार मोठा. काच जड, सारखी घसरायची. मी तीनदा गेले दुकानात. खरं सांगायचं तर काच पहिल्यांदाच नीट बसली होती. तरी गेले. मालक जेवायला गेले होते म्हणून हेच पुढे आले. बोलताना अडकले, मी म्हटलं, होऊ द्या सावकाश, मला काही गाडी पकडायची नाही. मग मी चष्मा घातला आणि यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. हे घाबरले. खाली बघून म्हणाले, 'जु-जुनाच ठेवा. त्यातून मी ब-बरा दिसत असेन.' हो, ते शब्द यांचेच, तुम्हाला नेमके तेच सुचले. मी चष्मा काढला आणि यांच्या डोळ्यांवर ठेवला. म्हटलं, 'एकट्याने कशाला घाबरता? आता तुम्ही बघा माझ्याकडे. घाबरायचं तर दोघं मिळून घाबरू.' माझ्या नंबरची काच ती. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला त्यातून काय दिसणार, नुसतं धुकं. हे इकडे बघतायत, तिकडे बघतायत. म्हणाले, 'म-मला तर काहीच दिसत नाही.' मी म्हटलं, 'मग ठरलं तर.'"

तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तेवढंच.

"हे 'ठरलं' सांगायचं होतं त्यांना त्या दिवशी. आठवडाभर वाक्यं जुळवत होते. कुठला शब्द अडतो, त्याला दुसरा कुठला घ्यायचा. लाज वाटेल म्हणून 'एका दुकानात एक मुलगी' असं करून घेतलं होतं."

"मग मला कधी सांगितलं का नाही? तुम्ही तरी?"

"यांनी बजावलं होतं. म्हणायचे, त्याचा शेवट बाहेरचा, आपला शेवट घरातला. राहू दे." वहिनी थांबली. मग म्हणाली, "प्रयोग झाला की दोन दिवस हे बोलत नसत. माझ्याशीसुद्धा नाही. पाटीवर लिहायचे, मीठ संपलंय, छत्री कुठे आहे."

ती पाटी फ्रिजवर टेकवलेली होती. नकल्याने कितीदा बघितली होती. त्याला वाटायचं, हिशेबाला असेल.

"मग यायचा कशाला?" नकल्याने पाटीकडेच बघत विचारलं. "हसायचा कशाला?"

"मीही हेच विचारलं एकदा. भांडलेच म्हणा ना. तर म्हणाले," आणि इथे वहिनीने नक्कल केली नाही, आपल्याच आवाजात सांगितलं, "म्हणाले, शाळेत वर्षभर त्याने माझी हजेरी लावली. तिथे वर तो एकटा उभा असतो. कुणी हसलं नाही तर तो गैरहजर. मी हजेरी लावून येतो."

वहिनीने चिमटा ओळीत ठेवला. मग नकल्या उठला. दारात थांबून म्हणाला, "वहिनी, उद्या मी तो दादाचा सांगू का? तुमचा शेवट. नक्कल न करता."

वहिनीने चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याशिवाय तिचे डोळे फार लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत. "सांगायचा असेल तर पुरा सांगा," ती म्हणाली. "मी येईन."

रविवारी चार वाजता थिएटर गच्च भरलं होतं. वहिनी दादाच्या खुर्चीवर बसली. पहिला तासभर नकल्याने नेहमीचे किस्से केले, लोक हसले. मग मॅनेजरने पडद्यामागून खूण केली. नकल्या पुढे आला. दादा गेला, एवढं एकच वाक्य म्हणाला. सभागृह हळहळलं, कुणीतरी नाक ओढलं. आणि त्याने खांदे पाडले नाहीत, मान पुढे काढली नाही. सरळ उभा राहून स्वतःच्या आवाजात म्हणाला, "एका दुकानात एक मुलगी आली."

लोक आधीच हसायला लागले. येणार आहे ते माहीत असलं की हसू आगाऊ निघतं. मागून कुणी ओरडलं, "दादाच्या आवाजात होऊ दे." टाळ्या पडल्या. नकल्या पुढे सांगत राहिला. नवीन चष्मा, तिने घातला, समोरच्या माणसाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "तेव्हा तो माणूस घाबरला, आणि ती म्हणाली..."

आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "जुनाच बरा होता!"

हसण्याने भिंती हादरल्या. नकल्याने हात वर केला. "नाही, ऐका. ती असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली..."

"जुनाच बरा होता!" ह्या वेळी आणखी मोठ्याने, टाळ्यांच्या ठेक्यावर. त्यांना वाटलं, नवीन गंमत काढली आहे, आपल्याकडून म्हणवून घेतोय. लोक दुष्ट नव्हते हो. प्रेमच करत होते त्याच्यावर, त्यानेच शिकवलेलं प्रेम.

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. खरोखर आला नाही. घशात काहीतरी येऊन बसलं. मान आपोआप पुढे गेली. डोळे मिटले. "घ-घ-घाब..." ज्याच्या जिभेला उभ्या जन्मात ठेच लागली नव्हती, तो एका शब्दाच्या उंबऱ्यावर अडकून उभा राहिला. आणि लोकांना वाटलं, आला, दादा आला, शेवटी केलीच नक्कल. असा हशा त्या थिएटरने कधी ऐकला नव्हता. माणसं खुर्च्यांवरून घसरली, पोटं धरली, डोळ्यांतून पाणी आलं.

नकल्याने डोळे उघडून दुसऱ्या रांगेत बघितलं. सातशे माणसांत दोनच माणसं हसत नव्हती. एक तो आणि एक ती. वहिनी पुढे झुकून बसली होती, त्याच्या तोंडाकडे बघत, मदतीला एक अक्षर पुढे न करता. त्याला ते बघणं ओळखीचं वाटलं. रंगपटातल्या आरशात कधीतरी पाहिलेलं होतं. इथे बसून दादाने अठरा वर्षं काय ऐकलं, ते त्याने त्या मिनिटाला ऐकलं. मॅनेजरने खुशीत पडदा पाडला. पडद्यापलीकडे टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

वहिनी रंगपटात आली तेव्हा तो आरशासमोर कोट न काढता बसला होता. मॅनेजर दारातून डोकावून म्हणाला, "आजच्यासारखा प्रयोग झाला नाही कधी. हेच ठेवा आता." आणि निघून गेला. वहिनीने दार लोटलं, एक खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली.

"व-वहिनी," तो म्हणाला. गाठ अजून सुटली नव्हती. "सां-सांगू दिलं नाही."

"माझ्यासमोर सांगा. मी ऐकते."

आणि नकल्याने सांगितलं. किती वेळ लागला विचारू नका. एकेका शब्दाला घाम फुटला. मुलगी दुकानात आली, तीनदा आली. काच पहिल्यांदाच बरोबर होती, तरी आली. 'घाबरायचं' ह्या शब्दापाशी तो इतका वेळ थांबला की बाहेरचा झाडूवाला रांगा झाडत शेवटपर्यंत जाऊन आला. वहिनीने शब्द पुरवला नाही. हात हातात घेतला नाही. नुसती बसून राहिली. दोघं मिळून घाबरू. मला तर काहीच दिसत नाही.

"म-मग," नकल्या म्हणाला, "मग ठरलं तर."

वहिनी हसली. अठरा वर्षांत तो तिला हसताना पहिल्यांदा बघत होता. छोटंसं, आतल्या आत गडगडणारं हसू. हसता हसता तिने चष्मा काढला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं. खांदे हलत राहिले, पण हसू कधीच संपलं होतं. मग नकल्याचाही बांध फुटला. बाहेर रिकाम्या सभागृहात दिवे एकेक करून विझत होते.

त्याने तो किस्सा पुन्हा केला नाही. लोक मागत राहिले, मागच्या रांगांतून ओरडत राहिले, काही रागावून येईनासे झाले. तो हात जोडायचा आणि दुसरं काहीतरी सांगायचा. त्याची जीभ दुसऱ्या दिवशी ताळ्यावर आली, पण पहिल्यासारखी धावली नाही. बोलताना मधेच थांबायचा. समोरचा माणूस थांबला तरी थांबायचा. हसवणाऱ्याच्या धंद्यात हे बरं नव्हे, असं मॅनेजर म्हणायचा, आणि धंद्याच्या बाजूने ते खरंच होतं. दादाची खुर्ची मात्र नकल्याने कुणाला देऊ दिली नाही. प्रयोगाच्या आधी, रिकाम्या थिएटरात, तो तिच्यासमोर क्षणभर उभा राहायचा आणि दादाच्या आवाजात, स्वच्छ, न अडखळता, एकच शब्द म्हणायचा. कोणता, ते तुम्हाला सांगायला नको.

झाली गोष्ट. तुम्ही मला मधे तोडलं नाहीत, शेवटापर्यंत येऊ दिलंत, देव तुमचं भलं करो. आता एवढंच करा. कधी भरल्या सभागृहात बसलात आणि कुणाची तरी टिंगल चालली असताना शेजारचाच कुणी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने हसला, तर जरा मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघा. आणि काचेच्या पिठाने बोटं पांढरी झालेल्या त्या माणसाला आठवा. नाव मी सांगितलं नाही, तुम्हालाही लागणार नाही. नुसता दादा म्हणून आठवा.